नांगराच्या निशाणीपासून हायकोर्टापर्यंत

गेले तीन आठवडे मी जो भेटेल त्याला धरून एकच गोष्ट सांगतोय. राहुरी फॅक्टरीच्या चौकात चहा पिताना सांगितली, सोसायटीत खताच्या गोण्या उतरवताना सांगितली, रात्री पाटाला पाणी धरायला गेलो तेव्हा शेजारच्या बांधावरच्या माणसाला बॅटरीच्या उजेडात सांगितली. आता लिहून काढतो. पोटात मावत नाही म्हणून.

मी देवळाली प्रवरेचा. देवळाली म्हटलं की बाहेरच्या माणसाला नाशिकचा कॅम्प आठवतो, तोफखाना आठवतो. आमची ती नव्हे. आमची राहुरी तालुक्यातली, प्रवरेच्या उजव्या कालव्यावरची, उसाची, कांद्याची. आमच्या घरात बांधाचा एक जुना दावा आहे. राहुरीला निकाल लागला, नगरला अपील झालं, आणि आता ते सेकंड अपील होऊन संभाजीनगरच्या खंडपीठात पडलंय. वकीलसाहेब म्हणाले, घरात जुनं काही असेल तर शोधा, जितकं मागचं मिळेल तितकं बरं. म्हणून तात्यांनी, माझ्या चुलत्यांनी, माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. वर धान्याचं एक पोतं, त्याखाली पितळेची फुटकी समई, त्याखाली लाल फडक्यात बांधलेले कागद. सगळे मोडीत. आम्हा दोघांना एक अक्षर लागेना.

ते फडकं घेऊन मी नगरला एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. मोडी वाचतात. त्यांनी चष्मा पुसला, पहिला कागद खिडकीजवळ धरला आणि बोट ठेवत वाचू लागले. शके १८१०. म्हणजे इसवी सन १८८८ च्या आसपासचा. कर्जाचं खत. मौजे देवळाली, आमच्या पणज्याच्या बापाचं नाव, सावकाराचं नाव, बैलासाठी घेतलेली रक्कम, चार हप्ते. खाली सही नव्हती. सहीच्या जागी एक छोटीशी आकृती होती: वाकडी उभी रेघ, तिला आडवी दांडी, टोकाला फाळ.

"ही निशाणी नांगर," गुरुजी म्हणाले. "ज्याला लिहिता येत नसे तो कुणबी नांगर काढायचा. बाईमाणूस असेल तर बांगडी."

मी त्या नांगरावर बोट ठेवलं. शाई तांबूस झालीय. दांडी काढताना टाक कागदात रुतला असावा, तिथे बारीक भोक आहे. माझ्या रक्ताच्या माणसानं हाताने काढलेली, माझ्या माहितीतली एवढी एकच गोष्ट या जगात शिल्लक आहे.

पण गुरुजी तिथे थांबले नव्हते. ते खालच्या शिक्क्याकडे बघत होते. "हे बघ. व्हिलेज रजिस्ट्रारसमोर झालेलं खत आहे. म्हणजे कायद्याच्या नंतरचं." कोणता कायदा, मी विचारलं. तर म्हणाले, "दख्खनच्या शेतकऱ्यांचा. १८७९ चा. तुमच्या नगर जिल्ह्यासाठी मुद्दाम केलेला. माहीत नाही?"

नव्हता माहीत. या जिल्ह्यात जन्मलो, वाढलो, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि आमच्यासाठी मुद्दाम एक कायदा झाला होता हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मग मी वाचायला लागलो आणि वाचतच सुटलो. १२ मे १८७५, भीमथडी तालुक्यातलं सुपे. बाजारचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांना, दुकानांना वेढा घातला आणि मागितलं काय, तर पैसा नाही, धान्य नाही, कागद. खतं बाहेर काढा. ती बाहेर काढली आणि जाळली. हे लोण आपल्या जिल्ह्यात आलं: पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत. सरकारनं चौकशीला कमिशन नेमलं. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, युद्ध संपलं आणि भाव कोसळला, त्यात शेतसारा वाढवलेला. हे सगळं होतंच. पण खरा फास होता तो कागदाचा, आणि तो कसा बसायचा हे कळलं तेव्हा मी वही घेऊन आकडे मांडले.

मुदतीचा कायदा आला होता १८५९ मध्ये. साध्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर खत बुडालं. कुळाला जुन्या कर्जाच्या जाचातून सोडवायला केलेला कायदा. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणे, नवं खत लिहून दे, नाहीतर कोर्टात चल. समजा ५० रुपये घेतले, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांत व्याज ३६. नवं खत ८६ चं. आता ८६ हेच मुद्दल! पुढच्या तीन वर्षांनी १४८. त्याच्या पुढच्या तीन वर्षांनी २५४. नऊ वर्षांत ५० चे २५४. मूळच्या ५० वर सरळ व्याज धरलं असतं तर १५८ झाले असते. हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीची मर्यादा होती, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ देत नसत. पण दर वेळी खतच नवं, मुद्दलच नवं, तर दामदुप्पट मोजायची कुठून? आणि कोर्टात न्यायाधीशासमोर काय यायचं? २५४ चा कागद आणि खाली नांगर. कागद खरा, निशाणी खरी, हुकूमनामा द्या. कुळ हजरच नसायचं, एकतर्फी निकाल. मग जप्ती.

आणि १८७९ च्या कायद्यानं न्यायाधीशाला काय सांगितलं, तर कागदाच्या मागे जा. पहिल्या दिवसापासून हिशेब काढ. मुद्दल वेगळं मांड, व्याज वेगळं मांड, व्याजाचं मुद्दल होऊ देऊ नकोस. कुळाला कोर्टात बोलव, त्याचं ऐक. निकाल दिलास तर हप्ते पाडून दे. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकता येणार नाही. खत व्हायचं तर गावच्या रजिस्ट्रारसमोर, वाचून दाखवून. दावा लावण्याआधी समेट घडवणाऱ्या मध्यस्थाकडे जायचं. दहा रुपयांपर्यंतचे तंटे गावच्या मुन्सफानं गावातच मिटवायचे. कुळानं मागितलं तर सावकारानं पासबुक द्यायचं. पासबुक! माझ्या खिशात सोसायटीचं पासबुक असतं, त्याची आजी मला त्या दिवशी भेटली. हे सगळं चार जिल्ह्यांपुरतं: पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर.

इथपर्यंत मी नुसता हरखलो होतो. खरा धक्का पुढे होता.

या कायद्यात छोट्या दाव्यांवरचं नेहमीचं अपील काढून टाकलं होतं. चाळीस रुपयांच्या कर्जासाठी नगर, मग मुंबई, हे कुळाला कुठलं परवडायला? पण अपील नाही म्हणजे खालच्या न्यायाधीशाची चूक तशीच राहायची. म्हणून एक जागा निर्माण केली. स्पेशल जज्ज. पक्षकारानं वर जायचं नाही, वरच्या न्यायाधीशानं खाली यायचं. तालुक्यातालुक्याच्या कोर्टात जायचं, दप्तर उघडायचं, निकाल वाचायचे, चुकलेला असेल तर फिरवायचा. अपिलाचं कोर्टच बैलगाडीत बसून गावाकडे आलं म्हणा ना. मी गुरुजींना फोन केला आणि विचारलं, हे स्पेशल जज्ज कुणी साहेबच असतील?

"आधी डॉक्टर पोलन होते," ते म्हणाले. "त्यांच्यानंतर, १८८७ पासून, न्यायमूर्ती रानडे."

मी उभाच राहिलो. फोन कानाला तसाच.

आपण सगळ्यांनी शाळेत रानडे शिकलेत. खांबाशी सोंगट्या खेळणारा मुलगा. एका हातानं आपलं दान, दुसऱ्या हातानं खांबाचं, आणि खांबाकडून हरला तरी दान न बदलणारा. मग प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, विधवाविवाह, 'मराठ्यांच्या सत्तेचा उत्कर्ष', की झाला धडा. नावामागे 'न्यायमूर्ती' लागतं ते 'लोकमान्य' किंवा 'महात्मा' लागावं तसं, एवढंच मला वाटत आलेलं. ते खरोखर न्यायाधीश होते, रोज सकाळी दप्तर उघडून बसत होते, आणि आमच्या खतांच्या, आमच्या हप्त्यांच्या, आमच्या नांगरांच्या फायली ज्यांच्या देखरेखीखाली होत्या ते हेच रानडे, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. शके १८१० चा आमचा कागद त्यांच्याच काळातला. त्यावर त्यांची सही नाही. मी भिंग घेऊन शोधली, नाही. असायचं कारणही नाही, ते कोर्टाचे निकाल तपासत, गावच्या रजिस्ट्रारची खतं नव्हे. पण ज्या व्यवस्थेनं आमच्या माणसाला ते खत वाचून दाखवायला लावलं, तिच्या माथ्यावर ते बसले होते. मला एवढं पुरतं.

तेव्हापासून मी त्यांच्या नोकरीचा एकेक टप्पा शोधून काढतोय. जन्म १८४२, निफाडचा, म्हणजे गोदावरीपलीकडे आपल्या शेजारचाच. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या तुकडीतले पदवीधर: १८६२ ला बी. ए., १८६६ ला एल्‌एल. बी. विद्यार्थी असतानाच मराठ्यांचं राज्य आणि इंग्रजांचं राज्य यांची तुलना करणारा निबंध लिहिला, तो प्राचार्यांना झोंबला आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद झाली. त्यानंतर शिकवणं, अक्कलकोट, कोल्हापूर, एल्फिन्स्टन कॉलेज. आणि १८७१ मध्ये पुण्याला पहिल्या वर्गाचे सबजज्ज. ते आधी हंगामी. कायम झाले १८७३ मध्ये.

या 'कायम' शब्दावर मी फार वेळ थांबलो. आपल्या घराघरात हा शब्द आहे. कारखान्यात हंगामी की कायम, शाळेत शिक्षणसेवक की कायम. कायम झाला म्हटलं की घरी पेढे. न्यायाधीशांचंही तसंच असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि हंगामी माणसानं साहेबाच्या मनाविरुद्ध ब्रही काढू नये ही रीतही तीच. रानडे काय करत होते त्या दोन वर्षांत? १८७१ लाच सार्वजनिक सभेच्या कामात शिरले होते! ही सभा शेतकऱ्यांची दुःखं गोळा करून सरकारपुढे मांडत होती. १८७६-७७ च्या दुष्काळात तिनं गावोगावची माहिती आणली.

त्याची किंमत मोजावी लागली. १८७८ मध्ये पुण्याहून नाशिकला उचललं. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड उठलं आणि पुण्यातले बुधवारवाडा, विश्रामबागवाडा पेटले, तेव्हा रानड्यांना आणखी लांब, धुळ्याला धाडलं. फडक्यांनी त्यांची व्याख्यानं ऐकली होती, सरकारला संशय. धुळ्यात त्यांचं टपाल फोडून वाचलं जात होतं, हे त्यांच्या पत्नी रमाबाईंनी लिहून ठेवलंय. मी कल्पना करून बघतो. सकाळी कोर्टात बसायचं, सरकारच्या नावानं न्याय द्यायचा, आणि संध्याकाळी घरी यावं तर आलेल्या पत्राचा गोंद ओला. ते बोलले नाहीत, चिडले नाहीत, आणि आपलं कामही सोडलं नाही. दप्तर तुंबू दिलं नाही. आणि योग बघा: फडके धरले गेले ते वर्ष १८७९, आमचा शेतकऱ्यांचा कायदा झाला ते वर्ष १८७९, आणि ज्यांच्यावर पाळत ठेवली त्याच रानड्यांना दोनच वर्षांनी, १८८१ मध्ये, त्याच कायद्याच्या देखरेखीवर पोलनसाहेबांच्या हाताखाली नेमलं.

रमाबाईंचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० मध्ये निघालं. मी ते दोन रात्रींत संपवलं. बायको म्हणाली, परीक्षा आहे का तुमची. वर्षातले कित्येक महिने हे कुटुंब दौऱ्यावर. नवरा गावोगावची कोर्टं तपासतोय आणि बायको त्या त्या गावच्या बायकांत मिसळतेय. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, अक्षरओळख नसलेली मुलगी, आणि पुढे तिनंच पुण्याचं सेवासदन उभं केलं. तिला शिकवलं कुणी? याच माणसानं. १८८६ मध्ये सरकारच्या फायनान्स कमिटीवर रानड्यांना कलकत्त्याला जावं लागलं, तिथला एक प्रसंग वाचून तर मी पुस्तक बाजूला ठेवून अंगणात एक चक्कर मारून आलो. रानडे बंगाली शिकायला लागले. मास्तर कोण, तर दाढी करायला येणारा न्हावी. तो साबण लावतोय आणि हे पुस्तक वाचताहेत, चुकलं की तो सांगतोय. रमाबाईंना हसू आलं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही. ज्याला येतं त्याच्याकडून शिकायचं.

मला इथे माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. नांगर काढणाऱ्या माणसाचं म्हणणं खरं की अक्षर लिहिणाऱ्याचं, हे ठरवायला बसणारा न्यायाधीश कसा असावा? न्हाव्याकडून बाराखडी शिकायला ज्याला संकोच वाटत नाही तो. असा माणूस नांगर बघून कागद पुढे सरकवणार नाही, विचारणार, बाबा, पहिल्यांदा किती घेतले होतेस?

जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा आसूड' १८८३ चा. ज्यांच्या नावाचं विद्यापीठ आमच्या राहुरीला आहे त्याच जोतीरावांनी कोर्टकचेरीतले कारकून अडाणी कुणब्याला कसे नाडतात याचं अंगावर काटा आणणारं वर्णन केलंय. सार्वजनिक सभेच्या पांढरपेशा पुढाऱ्यांशीही त्यांचं जमलं नाही. मला दोघंही खरे वाटतात. जोतीराव दाराबाहेर उभे राहून ओरडत होते, रानडे आत बसून दप्तर तपासत होते. आणि त्या कायद्यातही सावकारांनी पळवाटा काढल्याच. गहाणखताचा हिशेब कोर्ट उकरतं म्हटल्यावर ते गहाणाऐवजी थेट खरेदीखतच लिहून घेऊ लागले, तोंडी बोली करून की पैसे फेडलेस की जमीन परत. रानड्यांनी ते जवळून पाहिलं होतं. १८९१ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत त्यांनी शेतीच्या पतपुरवठ्याची नव्यानं घडी बसवण्यावर निबंध वाचला. कोर्टानं सावकाराचा हात धरून भागणार नाही, शेतकऱ्याला स्वस्त भांडवल द्यायची व्यवस्था हवी. एक जज्ज हे बोलतोय! सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला १९०४ मध्ये. आमच्याच प्रवरेच्या काठी, लोणीला, विठ्ठलराव विख्यांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला हंगाम १९५० मध्ये सुरू झाला. त्या रांगेत मागे मागे जात राहिलं की दौऱ्याच्या बैलगाडीत बसून हिशेबाचे कागद वाचणारा हा माणूस दिसतो. मला तरी दिसतो.

आता हायकोर्टाची गोष्ट. ही सांगताना माझा आवाज चढतो असं घरचे म्हणतात.

मुंबई हायकोर्ट सुरू झालं १८६२ मध्ये. ज्या कायद्यानं ते झालं त्यात बॅरिस्टरांचा वाटा ठरलेला होता, सिव्हिलियन साहेबांचा वाटा ठरलेला होता. एकतृतीयांश हे, एकतृतीयांश ते. उरलं त्यात आपल्या माणसाला जागा मिळाली तर मिळाली. पहिले आले नानाभाई हरिदास. १८७३ पासून हंगामी, मग परत हंगामी, पुन्हा हंगामी, आणि कायम झाले १८८४ मध्ये! अकरा वर्षं माणूस त्या खुर्चीवर बसतोय आणि उठतोय. ते गेले १८८९ मध्ये. त्यांच्या जागी काशिनाथ त्र्यंबक तेलंग, वय एकोणचाळीस, भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर केलेले, विलक्षण बुद्धीचे. ते १ सप्टेंबर १८९३ ला गेले, अवघे त्रेचाळीस वर्षांचे. त्यांच्या जागी त्याच वर्षी रानडे. रानडे १६ जानेवारी १९०१ ला गेले आणि त्यानंतर त्याच वर्षी नारायणराव चंदावरकर न्यायमूर्ती झाले. हरिदास, तेलंग, रानडे, चंदावरकर. मी ही चार नावं वहीत एकाखाली एक लिहिली तेव्हा कळलं की ही जणू एकच खुर्ची आहे! एक माणूस उठल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नव्हतं. मध्ये १८९५ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आले तेव्हा कुठे दुसरी खुर्ची सरकवली गेली. इतक्या विद्वान माणसांना एकमेकांच्या मरणाची वाट बघायला लावणारी ती व्यवस्था. रानडे आणि तेलंग तर जवळचे स्नेही. तेलंगांच्या रिकाम्या खुर्चीवर बसताना पहिल्या दिवशी त्यांच्या मनात काय आलं असेल?

आणि आणखी एक. हरिदास वकिलीतून आले, तेलंग वकिलीतून आले. रानडे आले खालून. सबजज्ज, मग स्मॉल कॉज कोर्ट, मग स्पेशल जज्ज. बावीस वर्षं खालच्या कोर्टांत आणि दौऱ्यांवर काढून एक्कावन्नाव्या वर्षी फोर्टमधल्या त्या दगडी गॉथिक इमारतीत ते पोचले. माझं मत असं की हायकोर्टानं त्यांना मोठं केलं नाही. ते मोठे झाले होते आपल्या चार जिल्ह्यांत, हप्त्यांचे आकडे तपासताना. हायकोर्टाला ते तयारच मिळाले.

आमच्या वकीलसाहेबांना हे सांगितलं तर त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्या काळातले छापील निकाल त्यांच्याकडे आहेत, इंडियन लॉ रिपोर्ट्‌सच्या मुंबई मालिकेचे जुने खंड. अपिलेट सिव्हिल. प्रत्येक निकालाच्या डोक्यावर बसलेल्या न्यायमूर्तींची नावं. एकापाठोपाठ एक पानं उलटत गेलो: न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे, पुन्हा पार्सन्स आणि रानडे. खाली दत्तकाचे तंटे, वाटणीचे, गहाणाचे, बांधाचे. सेकंड अपील, सेकंड अपील. आमच्यासारखीच माणसं, आमच्यासारखीच भांडणं. मला इंग्रजी फार येत नाही, पण ते नाव दिसलं की मी थांबायचो. वकीलसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "मीही वीस वर्षं हे नाव सायटेशनमध्ये वाचतोय, पण हे तेच रानडे, असं थांबून कधी बघितलं नव्हतं."

मग त्यांनीच मला आजचं समजावलं. आता राष्ट्रपती नेमतात, नावं सुचवतं ते वरिष्ठ न्यायमूर्तींचं कॉलेजियम. १९९३ च्या निकालापासून ही पद्धत. बहुतेकांना आधी अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून घेतात, जास्तीत जास्त दोन वर्षं, नंतर कायम. आपल्या अमरावतीचे भूषण गवई १४ नोव्हेंबर २००३ ला मुंबई हायकोर्टात अतिरिक्त म्हणून आले, १२ नोव्हेंबर २००५ ला कायम झाले, २०१९ ला सुप्रीम कोर्टात आणि १४ मे २०२५ ला देशाचे सरन्यायाधीश. नगरपालिकेच्या शाळेत शिकलेला मुलगा. अमेरिकेत तर अपिलाच्या कोर्टावर राष्ट्राध्यक्षानं नाव सुचवलं की सिनेटपुढे मतं पडतात. श्री श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या न्यायाधीशाला २०१३ मध्ये ९७ विरुद्ध शून्य मतांनी मान्यता मिळाली. वकीलसाहेब हे सांगत होते आणि माझ्या मनात एकच चाललं होतं: रानड्यांच्या नेमणुकीवर जर चार जिल्ह्यांतल्या कुळांना मत देता आलं असतं तर? किती नांगर उमटले असते त्या कागदावर!

परवा खंडपीठात तारीख होती. पहाटे फॅक्टरीवरून निघालो, नेवासा फाट्याला गाडी बदलली. तात्या सोबत. त्र्याऐंशी वर्षांचे, धोतर, टोपी, हातात पिशवी. पिशवीत तो कागद. मी म्हटलं होतं, तात्या, मूळ कागद कशाला, झेरॉक्स आहे ना. ऐकलं नाही. जालना रोडवरच्या त्या आवारात आम्ही बाकावर बसलो. आमचं मॅटर बोर्डावर खाली होतं, येईल न येईल. मी सगळी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. सुपे, जाळलेली खतं, ५० चे २५४, बैलगाडीतून येणारं कोर्ट, एकच खुर्ची. तात्या मध्ये एकदाही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "म्हंजी ते आपल्याकडं यायचे. आन् आता आपुन हितं येतो."

"हो तात्या."

त्यांनी पिशवीतून कागद काढला, फडकं सोडलं, मांडीवर पसरला. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून बोटानं चाचपत चाचपत खाली आले आणि भोकाशी थांबले.

"ह्यो नांगर उजव्या हातानं काढल्याला न्हाई," ते म्हणाले. "दांडी कशी पडलीय बघ. डावखोरा व्हता म्हातारा. माझा आज्याबी डावखोरा व्हता."

आमचं मॅटर त्या दिवशी निघालं नाही, पुढची तारीख पडली. फडक्यात अजून अकरा कागद आहेत. पैकी एकावर, गुरुजी फोनवर सांगत होते, कोर्टाचा शिक्का दिसतोय, निकालाची नक्कल असावी. रविवारी सकाळच्या एसटीनं मी नगरला चाललोय. तात्या म्हणतात, मी पण येतो.